पोटमाळा हलत नाही, याबाबतचा खुलासा

आदरणीय दादा यांस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे साष्टांग जमत नाही, म्हणून बसल्या जागी टेबलाच्या कडेला कपाळ लागेपर्यंत वाकून नमस्कार. बारा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून पत्र चुकून तुमच्याकडे आलं असं समजू नका. पत्ता तुमच्या बहिणीकडून दोनदा तपासून घेतला आहे. तब्येत कशी आहे? साखर वाढल्याचं तिच्याकडून कळलं, वाईट वाटलं. जिने फार चढू नका, गोड खाऊ नका, आणि कुणाच्या घरी गेल्यावर त्यांच्या वस्तूंवर पाय देऊन अभिप्राय देऊ नका; या तिन्ही गोष्टींचा उतारवयात प्रकृतीवर ताण येतो म्हणतात. वहिनींना नमस्कार सांगावा. त्यांनी पाठवलेलं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे.

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझ्या सासूबाई, एक्याऐंशीव्या वर्षी दोन वेळा व्यवस्थित जेवतात. ऐकू कमी येतं, पण त्यांच्याविषयी बोललेलं सगळं येतं. त्यांची खाट खिडकीशी आहे, तीच, जी तुम्ही बारा वर्षांपूर्वी टेम्पोतून त्यांच्यासकट आमच्याकडे आणून उतरवलीत, तुमच्या चार खोल्यांत त्या वेळी रंगकाम चालू असल्यामुळे. (रंग आता वाळला असावा.) तुमच्या बहिणीचा खोकला गेला. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं काम पूर्वीसारखंच चालू आहे. कपड्यांच्या कारखान्यातून आठवड्याला दहा-बारा मशीनं येतात, टाका सोडणारी, दोरा तोडणारी, किंचाळणारी, आणि परत जाताना मांजरीसारखी गुरगुरत जातात. मी हे कुठल्या शाळेत शिकलो नाही हे वेगळं सांगत नाही, कारण ते चारचौघांत सांगण्याचं काम तुम्ही आजवर आवडीने केलेलं आहे.

(तुमची बहीण भाजी निवडत शेजारी बसली आहे. ती म्हणते, मुद्द्यावर या. मी तिला सांगितलं की पाया न खणता भिंत घालणारी माणसं वेगळी, त्यांना डिप्लोमा असतो.)

तर मुद्दा असा. सहा महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या दारावर खोली रिकामी करण्याची नोटीस चिकटवण्यात आली. चिकटवणाऱ्याने खळ इतकी थापली होती की कागद सोडवताना दाराचा रंगही सोबत आला. (तो रंग मी लावला होता, दोन हात, मध्ये पॉलिश पेपर मारून. तेवढ्या कागदाला चार कोपऱ्यांत नखभर खळ पुरते.) आमच्या घरमालकांना अख्खी इमारत ‘पाहूकरू’ म्हणते. नळ गळतो म्हणा, कठडा सुटलाय म्हणा, छतातून ओल येते म्हणा, ते मान हलवून म्हणतात, पाहू, करू. एकोणीस वर्षांत त्यांनी ना काही पाहिलं, ना काही केलं. पण नोटिशीत भिंतींविषयी इतका जिव्हाळा ओतला होता की इमारत कुणा प्रेमळ माणसाने विकत घेतली की काय, अशी मला क्षणभर शंका आली. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला आधीच नोटीस आली होती, की त्याच्या वाफेमुळे भिंतींना त्रास होतो. तो गरीब माणूस भिंतींची माफी मागितल्यासारखा पंधरा दिवसांत निघून गेला, आणि त्याच्या खोलीत आता चार पातळ भिंती घालून आठवड्याच्या भाड्याने पाहुणे ठेवतात. त्या भिंतींना कशाचाच त्रास होत नाही.

माझ्यावरचा आरोप मात्र इस्त्रीवाल्यापेक्षा वरच्या दर्जाचा होता. त्यात म्हटलं होतं की भाडेकरूने मालकाची लेखी परवानगी न घेता खोलीत कायमस्वरूपी बांधकाम केलं, म्हणजेच पोटमाळा उभारला. तोच पोटमाळा. मातोश्रींची खाट खाली लागली की आम्हा नवराबायकोला झोपायला जागा उरणार नव्हती, म्हणून ती यायच्या आधीच मी अकरा दिवसांत बांधलेला, आठ फूट बाय साडेपाच फूट, जमिनीपासून सहा फूट चार इंच, चार खांब, सहा आडव्या तुळया, नऊ फळ्या, आणि सगळ्यात मिळून खिळा एकही नाही. खाचेत खाच आणि खाचेत पाचर. तुम्ही खाट उतरवून झाल्यावर शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवलात, खांबाला हात लावलात, बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं पर्यवेक्षक असल्याच्या आवाजात एकच शब्द बोललात आणि चहा न घेता गेलात. तो शब्द मी इथे लिहीत नाही. त्या शब्दामुळेच आपला पत्रव्यवहार बारा वर्षं तुमच्या बहिणीमार्फत चालतो.

नोटीस वाचून मी घाबरलो नाही. जो माणूस नुसत्या कानाने मशीनचा दोष ओळखायला स्वतःचा स्वतः शिकला, त्याला कायदा काय जड आहे? वाचनालयातून भाडेकायद्याचं जाडजूड पुस्तक आणलं, तीन दिवसांत वाचलं (पान एकशे सत्तरनंतर फक्त परिशिष्टं आहेत, ती धरली नाहीत), आणि मालकांच्या वकिलांना अकरा पानी उत्तर लिहिलं. सोबत प्रमाणात काढलेली तीन रेखाचित्रं जोडली, समोरून, बाजूने आणि वरून. मुद्दा क्रमांक चारमध्ये मी स्पष्ट केलं की सदर पोटमाळा हे काही ऐऱ्यागैऱ्याचं तात्पुरतं काम नव्हे. ही इमारत उद्या बसली तरी पोटमाळा उभा राहील. आणि मागच्या तुळईची भिंतीशी बसणी अशी आहे की दोघांच्या मध्ये पोस्टकार्डही सरकत नाही. मुद्दा क्रमांक सातमध्ये इमारतीच्या कामातले दोष दाखवले, एकूण चौदा. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती आली तेव्हा मला इतकं समाधान वाटलं की मी तुमच्या बहिणीला म्हटलं, आता गप्प बसतील बघ.

ते गप्प बसले नाहीत. कोर्टाचं बोलावणं आलं आणि त्यासोबत माझं उत्तर, झेरॉक्स काढून, पुराव्याचा कागद क्रमांक एक म्हणून. रेखाचित्रांच्या प्रती फार चांगल्या आल्या होत्या.

तेव्हा तुमची बहीण म्हणाली, आता दुसऱ्या कुणालातरी विचारा. तिला कारखान्यातल्या एका शिलाई करणाऱ्या बाईकडून कळलं होतं की कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना घरातून काढत असतील तर सरकार फुकट वकील देतं. फुकट या शब्दावर माझा विश्वास नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, ज्याचा मोबदला घेत नाहीत ते काम लोक कसं करत असतील. ती म्हणाली, तुम्ही पोटमाळ्याचा कुणाकडून मोबदला घेतला होता? (हिला असे प्रश्न स्वयंपाक करतानाच सुचतात आणि उत्तर द्यायच्या आत फोडणी पडते.)

मी कोट घालून गेलो. कोर्टाच्या इमारतीच्या मागे, सायकली लावतात त्याला लागून एक खोली आहे. पूर्वी तिथे जुन्या फायली ठेवत, अजूनही ठेवतात, फक्त आता मध्ये माणसं बसतात. दारावर हाताने लिहिलेला कागद: मोफत कायदेविषयक मदत. बाहेर बाकावर सात माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेली नोटीस. मीही तसाच, फक्त पिशवीऐवजी ब्रीफकेस. कारकुनाने कोट पाहून मला वकील समजून आत बसवलं आणि आधीच्या साहेबांच्या तारखेचं काय झालं ते विचारलं. खुलासा केल्यावर त्याने मला पुन्हा बाकावर पाठवलं, नंबर आठवा.

तिथली खुर्ची, दादा, डुगडुगत होती. तिच्या एका पायाखाली कुणीतरी कागदाची घडी सरकवून ठेवली होती. असली घडी दिसली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पायाखाली घडी सरकवणारा माणूस हा आयुष्यात कुठलीच गोष्ट मुळापासून दुरुस्त करणार नाही, त्याच्याशी सोयरीक करू नये, अशा मताचा मी आहे. खिशात घडीचा स्क्रू ड्रायव्हर असतोच. मी खुर्ची उलटी केली, सैल सांधा आवळला, लांब पाय ब्रीफकेसमधल्या कानशीने घासला. मग बाकड्याचं पाहिलं. मग कपाटाची बिजागरी. माझा नंबर पुकारला तेव्हा मी कपाटाच्या मागे होतो, त्यामुळे तो नवव्याला गेला.

आधी फॉर्म. गरीब आहोत हे सिद्ध करायला इतके कागद लागतात की त्यापेक्षा श्रीमंत होणं सोपं पडेल. कारकुनाने विचारलं, मालमत्ता? मी सांगायला सुरुवात केली: एकोणीस स्क्रू ड्रायव्हर, नऊ पाने, कानशी सात, सुयांचे डबे चार, आणि एक पितळी पाणसळ, बुडबुडा अजून केसभरही सरकलेला नाही. त्याने लिहिलं, नाही. मी म्हटलं, अहो, पाणसळ तरी लिहा. तो म्हणाला, ती विकली तर किती दिवस घर चालेल? मी म्हटलं, विकणार नाही. मग नाहीच, म्हणाला, आणि शिक्का मारला. एकोणीस वर्षांच्या संसाराला एवढा सरळ शिक्का बसलेला मी प्रथमच पाहिला. त्याने असंही सांगितलं की इथे येणारी अर्धी माणसं दाराचं कुलूप बदलून झाल्यावर येतात, तेव्हा फॉर्म भरण्यापलीकडे काही उरलेलं नसतं. मला इस्त्रीवाला आठवला. त्याला ही खोली माहीत नव्हती, आणि मला माहीत असती तरी मी त्याला सांगितलं नसतं, कारण फुकट या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

वकीलबाई वयाने तुमच्या धाकट्या मुलीएवढ्या. टेबलावर फायलींचे दोन मनोरे, मध्ये कागदात गुंडाळलेलं अर्धं सँडविच, जे मी गेलो तेव्हाही अर्धं होतं आणि पाऊण तासाने निघालो तेव्हाही. त्यांनी माझं उत्तर पहिल्या पानापासून वाचलं. दोनदा हसू दाबलं, त्यावरून मला वाटलं काम आवडलं. चौथ्या मुद्द्यापाशी त्या थांबल्या. रेखाचित्रं उलगडली. मग अगदी हळू विचारलं, काका, हे तुम्ही पाठवलंत? मी म्हटलं, रजिस्टर पोस्टाने. त्यांनी कपाळ रेखाचित्रावर टेकलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी तुम्हाला त्यांच्यापेक्षा नीट सांगतो. भाडेकरूने आणून ठेवलेली वस्तू ही वस्तू, आणि भिंतीला कायमची जोडलेली वस्तू हे बांधकाम. वस्तू असेल तर मालक काही करू शकत नाही. बांधकाम असेल तर खोली गेली. म्हणजे आपल्याला एवढंच दाखवायचं की पोटमाळा स्वतःच्या चार पायांवर नुसता उभा आहे, भिंतीला जोडलेला नाही, उद्या उचलून नेता येईल. थोडक्यात, त्या म्हणाल्या, तो एक उंच पलंग आहे. दादा, अकरा दिवसांचं काम, हाताला बारा फोड, आणि बाईंच्या लेखी उंच पलंग. मी म्हटलं, मजबुतीचा उल्लेख करू का? त्या म्हणाल्या, काका, मजबुतीनेच तर घात केलाय. तुम्ही आता कोर्टात, जिन्यात, रस्त्यात, कुठेही मजबूत हा शब्द उच्चारायचा नाही. कोर्टाचा पाहणी अधिकारी घरी येईल, त्याने काहीही विचारलं तरी म्हणायचं, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, मला त्यातलं कळत नाही.

त्या वाक्याची घरी तालीम चालली. तुमची बहीण पोळ्या लाटता लाटता अधिकारी व्हायची आणि विचारायची, पोटमाळा कसा आहे? मी म्हणायचो, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पुढचे चार शब्द घशात अडकायचे. पाचव्या दिवशी मी ते खोकत का होईना पण म्हटले. ती म्हणाली, जमलं. लग्नानंतर तिने माझं इतकं उघड कौतुक प्रथमच केलं, तेही मला काही कळत नाही म्हटल्याबद्दल.

पाहणीच्या दिवशी आमच्या खोलीत माणसं मावेनात. पाहणी अधिकारी, त्यांच्या हातात कापडी टेप, मालकांचे वकील, खुद्द पाहूकरू, ज्यांनी एकोणीस वर्षांत प्रथमच उंबरा ओलांडला आणि भिंतीला टेकल्याबरोबर कोटाच्या बाहीवर ओल घेतली (भिंतीवरच्या त्यांच्या प्रेमाला भिंतीने दिलेलं ते पहिलंच उत्तर), आमच्या वकीलबाई, तुमची बहीण, आणि खाटेवर उशीला टेकून मातोश्री, ज्यांना गप्प बसायला सांगितलं होतं, पण ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी उंची मोजली, सहा फूट तीन. त्यांची टेप धुऊन धुऊन ताणलेली होती. चूक माझ्या फायद्याची की तोट्याची याचा विचार न करता मी माझी पोलादी टेप काढून सहा फूट चार दाखवले. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, मला त्यातलं कळत नाही. अधिकाऱ्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे पाहिलं आणि काही लिहिलं नाही.

इथपर्यंत निभावलं. मग मालकांचे वकील पुढे आले. हा गृहस्थ माझं अकरा पानी उत्तर वाचून मला पुरता ओळखून बसला होता. तो माझ्याशी बोललाच नाही. अधिकाऱ्यांना म्हणाला, अशी कामं आपण रोज पाहतो साहेब, कुठून कुठून फळ्या गोळा करून ठोकलेली. माणूस चढला तर खाली येईल. या आजींना याच्याखाली झोपवतात, माणुसकी म्हणून तरी खोली रिकामी व्हायला हवी. एवढं बोलून त्याने माझ्या खांबावर दोन बोटांनी टिचकी मारली, कलिंगड पाहावं तशी.

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. मी शिडी चढलो. मी पोटमाळ्यावर दोन्ही पायांनी उडी मारली. (छत जवळ असल्यामुळे वाकून मारावी लागली.) मग तिघांनाही वर बोलावलं. अधिकारी चढले, मालकांचे वकील चढले, आणि पाहूकरूंना मी हाताला धरून वर घेतलं. चार पुरुष, अंदाजे सव्वातीनशे किलो, नऊ फळ्यांवर मांडी घालून बसलो, आणि एक फळी कुरकुरली नाही. मी त्यांना खाचा दाखवल्या, पाचरी दाखवल्या. खालून मातोश्री सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, बारा वर्षांत माझ्या अंगावर भुसासुद्धा पडला नाही हो. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि लिहिलं: अत्यंत मजबूत. मग त्यांनी मागची तुळई भिंतीला जोडली आहे का ते पाहायला फटीत कागद घालून पाहिला. कागद गेला नाही. माझ्या रंध्याच्या सफाईमुळे गेला नाही, दादा. तिथे जोडलेलं काहीच नाही. पण त्यांनी लिहिलं: भिंतीशी जोडलेला नसल्याचे दिसून येत नाही. पाहूकरू वरून उतरताना इतके खूश होते की त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि काम फार पक्कं आहे म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याविषयी काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि तो माझ्या वळकटीवर बसून काढला.

सगळे गेल्यावर वकीलबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागलं. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे आता तुमचं उत्तर आहे आणि अधिकाऱ्यांचा अहवाल आहे, दोन्हींत एकच गोष्ट लिहिली आहे. आजींना कुठे नेणार याचा विचार करून ठेवा. मी म्हटलं, बाई, तो भिंतीला जोडलेला नाही हो. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे, पण दिसत नाही ना. मग कठड्याकडे बघत (तो सुटलेला आहे) त्यांनी विचारलं, “काका, हा कधी हलला होता का? एकदा तरी? जे हलतं ते भिंतीला जोडलेलं नसतं.”

मी म्हटलं, कधीच नाही.

तुमची बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, “हलला होता. दादा म्हणाला होता.”

कोण दादा, असं वकीलबाईंनी विचारलं. बांधकाम खात्यातले सव्वीस वर्षांचे पर्यवेक्षक, डिप्लोमाधारक, पोटमाळा उभा राहिला त्याच दिवशी प्रत्यक्ष पाय ठेवून पाहिलेले, हे ऐकल्यावर त्यांनी पिशवीतून सँडविच काढलं आणि तिथेच पायरीवर बसून सगळं खाल्लं. त्यांना जेवताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

असो. तुम्हाला हे सगळं केवळ माहितीसाठी कळवलं. बाहेरून उलटसुलट कानावर येण्यापेक्षा मूळ माणसाकडून कळलेलं बरं. पोटमाळा मजबूत होता, आहे, आणि हलत नाही. आमची तुमच्याकडून कसलीही अपेक्षा नाही. मुलांना आशीर्वाद, वहिनींना पुन्हा नमस्कार, आणि तुम्हाला मघाशी टेबलामुळे राहिलेला उरलेला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. कोर्टाने दुसऱ्या पाहणीला परवानगी दिली आहे, साक्षीदारासमक्ष. येत्या महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. साक्षीदार तुम्ही. बारा वर्षांपूर्वी काय पाहिलंत आणि काय म्हणालात, एवढंच सांगायचं आहे, त्याच शब्दात. येताना डिप्लोमा आणावा, फ्रेमसकट आणला तरी चालेल, लावायला जागा आहे. जिना चढू नका असं वर लिहिलं आहे ते या मंगळवारपुरतं मागे घेतो. कठड्याला मात्र हात लावू नका.

ता. क. २. तुम्हाला जमणार नसेल तर आग्रह नाही. आम्ही तिघं तुमच्याकडे येऊ. मातोश्रींनी रंग कोणता दिला आहे ते विचारलं आहे, आणि खाट खिडकीशीच लागते असं कळवायला सांगितलं आहे.

ता. क. ३. हे वकीलबाईंना मी काल सांगितलं, तुमच्या बहिणीला सांगायला गेलो तर तिला माहीत होतं, आणि आता तुम्हाला सांगतो, मग कुणाला सांगायचं राहणार नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी मी पाणसळ लावून पाहिली. शिडीकडचा पुढचा खांब जमिनीला टेकत नव्हता, दोन सुतांचं, म्हणजे पाव इंचाचं, अंतर होतं. (दोष फरशीचा, तिथे ती खोलगट आहे, पण फरशी मालकांची आणि खांब माझा.) मातोश्रींच्या नव्या चपलांचं खोकं तुम्ही आणलं होतं, त्याचं झाकण घेतलं, चार घड्या घातल्या, आणि खांबाखाली सरकवलं. वर खांबाच्याच रंगाचा हात दिला. तुमची बहीण म्हणते, केर काढताना बारा वर्षं मी त्याला वळसा घालते आहे.

घडी अजून तिथेच आहे, मी हात लावलेला नाही. वकीलबाई म्हणतात, ती मी काढली तर मालकांचे वकील म्हणतील की पोटमाळा मुद्दाम आज हलवला. ज्याने आधी पाहिलं होतं त्यानेच अधिकाऱ्यांसमोर काढावी. तेव्हा ती तुम्हीच काढा. वाकताना खांबाचा आधार घ्या, वजन पेलतो. मग दुसऱ्या पायरीवर पाय ठेवा आणि तो शब्द म्हणा, पण अधिकाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. माझ्यासाठी आवाज चढवायला नको. मला तो बारा वर्षं ऐकू येतोच आहे.